सोन्याचे बॉन्ड मुदतीआधी मोडले, इंदूरचा माझा अनुभव

सोन्याचा भाव कुठे जाणार ते सगळे सांगतात, पण बॉन्ड मोडायला बँकेत गेल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय. अजून राग गेलेला नाही.

माझ्याकडे सप्टेंबर 2020 चे सॉव्हरिन गोल्ड बॉन्ड, म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी रोखे, 2020-21 ची सहावी सिरीज, तेव्हा ग्रॅमला 5,117 रुपये. त्यानंतर युक्रेनचं युद्ध झालं, एप्रिल 2022 ला आपली महागाई 7.79 टक्क्यांवर गेली, रशियाचा परदेशातला पैसा गोठवल्यावर बऱ्याच देशांच्या मध्यवर्ती बँका सोनं घेत सुटल्या, मग 2025 ला ट्रम्पचं टॅरिफ, आणि भाव चढतच गेला. दुसरीकडे ह्यांचं ऑफिस इंदूरच्या सुपर कॉरिडॉर भागात, आयटीत. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 लोक कमी करणार म्हणून सांगितलं. हे टीसीएसमध्ये नाहीत, पण एआयची धास्ती आता आयटीवाल्या प्रत्येक घरात आहे. आमचे फंडही आयटीकडेच झुकलेले, म्हणजे पगार आणि गुंतवणूक एकाच नावेत. म्हणून ठरवलं की निम्मे बॉन्ड मोडायचे आणि वर्षभराचा घरखर्च एफडीत वेगळा काढायचा. सगळे नाही मोडायचे, कारण फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवे बॉन्ड काढलेच नाहीत. हे सगळं घरी एका संध्याकाळी ठरलं.

अडलं ते बँकेत.

बॉन्ड आठ वर्षांचा, पण पाच वर्षं झाली की व्याजाच्या तारखेला आरबीआयला परत देता येतो. माझी तारीख 8 मार्च आणि 8 सप्टेंबर. अर्ज साधारण महिनाभर आधी घेतात आणि तारखेच्या काही दिवस आधीच बंद करतात, कुठल्या सिरीजला कधीपासून कधीपर्यंत याचा तक्ता आरबीआय दर सहा महिन्यांनी काढते, तो आधी बघा. ती मुदत हुकली की सरळ सहा महिने थांबा.

तर ऑगस्टमध्ये रामबागेतून निघून बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आठ साल का है, बीच में नहीं टूटता." मी म्हटलं पाच वर्षांनी मोडता येतो, तर म्हणे अ‍ॅपमध्ये ऑप्शनच नाही. मग ऑफिसरकडे पाठवलं, ते ट्रेनिंगला गेलेले. मध्ये पंधरा ऑगस्टच्या सुट्ट्या. परत गेले तर वेगळंच, मोडायचे तर सगळे मोडा, अर्धे होत नाहीत. हे साफ चूक आहे, एका ग्रॅमच्या पटीत हवे तेवढे देता येतात, आरबीआयच्या एफएक्यूमध्ये, म्हणजे प्रश्नोत्तरांत, लिहिलंय. मोबाईलवर दाखवलं तर बघायलाही तयार नाहीत! वर सल्ला, सराफ्यात जाऊन घरातलं सोनं विका, आजच पैसे मिळतील. घरात गणपतीची तयारी, आई रोज विचारतेय झालं का गं काम, आणि इकडे दिवस संपत चाललेले.

तक्रार करावी म्हटलं तर त्यातही मेख आहे. आरबीआयच्या लोकपालाकडे, जिथे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात, जायच्या आधी बँकेला लेखी तक्रार द्यायची आणि उत्तर नाही आलं तर 30 दिवस थांबायचं. अहो, अर्जाची मुदतच महिनाभराची, मग त्या तक्रारीचा मला काय उपयोग? सर्वसामान्य माणसाने सरकारी कागदावर विश्वास ठेवून पाच वर्षं पैसे गुंतवले, आणि तो परत घ्यायचा नियम विकणाऱ्या बँकेलाच माहीत नाही, याचा मला फार संताप आला.

शेवटी एफएक्यू आणि तक्ता दोन्ही प्रिंट काढले, स्वतःच अर्ज लिहिला, सिरीज, एकूण ग्रॅम, त्यातले परत करायचे किती, खातं नंबर, आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवून म्हटलं की घेणार नसाल तर ह्याच कागदावर कारण लिहून सही करा. तेव्हा कुठे त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला आणि होतंय म्हणून कळलं. माझ्यासमोर सिस्टीममध्ये एंट्री केली, मी कॉपीवर रिसीव्हडचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठले नाही.

8 सप्टेंबरनंतर पैसे खात्यात आले, दुपटीहून जास्त भावाने. इतकं बरं वाटलं!

अजून एक, भाव अर्ज देताना कळत नाही, आधीच्या तीन कामाच्या दिवसांच्या 999 म्हणजे शुद्ध सोन्याच्या भावाच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळे रोजचा भाव बघत अर्ज लांबवू नका. अडीच टक्के व्याज मूळ किमतीवरच मिळतं, भाव दुप्पट झाला तरी वाढत नाही, आणि त्यावर टॅक्स आहे. बॉन्ड डीमॅटमध्ये असतील तर अर्ज ब्रोकरकडे द्यायचा. सर्टिफिकेट कागदी असेल तर आधी झेरॉक्स काढा, आणि त्यावरचं बँक खातं अजून चालू आहे ना ते तपासा, मधल्या काळात बँकांचं विलीनीकरण झाल्याने पुष्कळांचे आयएफएससी कोड बदललेत.