रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीचा पूल जवळ आला की मला घाम फुटायचा. पुलावर वाहनं तुंबली तर जुन्या गोव्यापर्यंत धरवेल का? पहाटेपासून तीनदा जाऊन आलेली असायचे, पोटात काही उरलेलं नसायचं, तरी कळ यायचीच. पर्समध्ये एक जादा सलवार कायम.

२०१९ पासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. सुजेवरचं औषध, मेसालामीन, सुरू झाल्यावर रक्त पडायचं थांबलं. घाई आणि गुबारा मात्र तसाच. आधीचे डॉक्टर म्हणायचे, "रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या डॉक्टरांनी मलाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायला लावली. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन मलात वाढतं. डबी घेऊन लॅबच्या काउंटरवर उभं राहणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. आकडा आला ३८, म्हणजे ५० च्या आत, नॉर्मल. कोलोनोस्कोपीतही, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून बघतात त्यात (पोट साफ करायला आदल्या रात्री प्यायचं ते खारट पाणी आठवलं तरी मळमळतं), आतलं अस्तर भरून आलेलं दिसलं. मी तिथेच रडले. आनंदाने नव्हे. सगळं बरं आहे, तर मग मला होतंय ते काय?

त्यांनी नीट समजावलं. सूज ओसरली तरी आतड्याच्या नसा हुळहुळ्या राहू शकतात, थोड्या वायूनेही कळ उठते. कोलायटिस शांत असलेल्या अनेकांना हे होतं. मेसालामीन चालूच ठेवायचं, पण डोस वाढवून हा त्रास जाणार नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध चार आठवडे बंद केलं. नंतर एकेक वस्तू परत खाऊन बघायची. मला वाटलं, आता उपास. सासूबाई म्हणाल्या, "अगो, तिरफळं घातलेल्या हुमणात, आपल्या माशाच्या आमटीत, कांदा असतो कुठे?" खरंच की! बांगड्याचं हुमण आणि उकड्या तांदळाची पेज, महिना त्यावर निघाला. जड गेली ती संध्याकाळ: पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायचा आणि मी दार लावून घ्यायचे.

शेवटी चोर सापडले, लसूण आणि कांदा. अर्धा उंडो (पोदेराचा गोल पाव) चालतो, पूर्ण नाही. बसमध्ये आता पुलाकडे लक्षही जात नाही, निदान आठवड्यातले चार दिवस. सलवार अजून पर्समध्येच आहे.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाटीभर खतखतं (डाळ घातलेली मिश्र भाजी) खाल्लं आणि दोन दिवस भोगलं. यंदा अर्धी वाटी खाणार आहे.