दोन कुशींच्या मधली झोप

रविवार, रात्र.

अर्धांगवायू झालेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणलं की भेटायला येणारे विचारतात: हात हलतो का, बोलतात का, ओळखतात का. माझ्या मते त्याच्याही आधी विचारायला हवं, की या घरात रात्री सलग किती तास झोप मिळते आणि कोणाला. बाकी बरंच काही त्यावरून ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी छोटी प्रश्नावली २६ प्रश्नांची आहे. शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती अशी तिची चार अंगं. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला झरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८८. कागद दोन असले तरी घर एकच असतं. रुग्ण रात्री ओला झाला की बायको किंवा सूनबाई उठते. तिची झोप मोडली की सकाळी भरवताना घाई होते, घाईत ठसका लागतो, ठसक्यातून अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊन पुन्हा दवाखाना.

म्हणून सुरुवात रात्रीपासून. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात. हे काम एकट्या बाईने रोज केलं तर महिन्याभरात तीच आजारी पडेल. हवा आळीपाळीने भरणारी एअर मॅट्रेस असेल आणि कातडी चांगली राहत असेल, तर नर्सला विचारून हे अंतर तीन-चार तासांपर्यंत नेता येतं. सांभाळणाऱ्याला सलग झोप मिळते ती त्याच वाढलेल्या तासांत. मात्र मॅट्रेसवर गोधडी, मेणकापड आणि दोन चादरी घातल्या की तिचा उपयोग संपतो. वर एकच सैलसर चादर हवी. हवा पुरेशी आहे का हे पाहायला रुग्णाच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, मॅट्रेसच्या तळाशी, तळहात वर करून घालायचा. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर तरी फुगवटा हवा. वीज गेली की पंप बंद पडतो, अशा रात्री पुन्हा दोन तासांचाच नियम पाळायचा.

कूस पूर्ण आडवी करायची नाही, सगळा भार कमरेच्या बाजूच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तिरकं, साधारण ३० अंशांवर टेकवायचं. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचं. दाबल्यावर पांढुरका झाला नाही तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा काळपट लागते का ते पाहावं लागतं. अशा जागेवर तेल चोळायचं नाही, भोकाची रबरी गादीही द्यायची नाही. चोळण्याने आतले नाजूक ऊतक फाटतात आणि गादीच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा दबतो. दोन्ही गोष्टी मायेने केल्या जातात आणि दोन्हींनी जखम वाढते.

पलंगाची उंची कोणी मोजत नाही. खालच्या दिवाणावर वाकून दिवसात दहा वेळा साफसफाई केली की सांभाळणाऱ्याची कंबर जाते. तिच्या कमरेइतकी उंची यावी म्हणून पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत, नाहीतर भाड्याने दवाखान्याचा पलंग आणावा. रुग्णाला वर सरकवताना त्याच्याखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी घडीची चादर तेवढ्यापुरती आडवी घालावी आणि दोघांनी दोन बाजूंनी तीच धरावी. काखेत हात घालून ओढू नये. लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढलं की सांधा खाली उतरतो. मग ते दुखणं महिनोन् महिने दोघांची झोप घालवतं.

पाण्याविषयी जरा सविस्तर, कारण चूक इथेच होते. रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून घरचे दिवसभराचंच पाणी कमी करतात. मग लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो. म्हाताऱ्या माणसात त्याचं पहिलं लक्षण कित्येकदा ताप नसतं, गोंधळलेलं बोलणं असतं. मलही खडा होतो. त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं, घरच्यांना वाटतं जुलाब लागले, म्हणून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि पोट आणखी अडकतं. चार दिवस शौचाला झालं नाही आणि आता पातळ होतंय असं असेल तर गोळी न देता डॉक्टरांना कळवायचं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर एकूण पाणी तेवढंच ठेवावं, फक्त बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत द्यावं. लघवी होण्याची गोळी रात्रीच्या डब्यात असेल तर ती दुपारी देता येईल का, हेही विचारावं. एवढ्या बदलाने रात्रीचं एखादं उठणं वाचतं.

गिळायला त्रास असेल तर पातळ पाणी सर्वांत अवघड. चहापेक्षा पेज, नाचणीचं सत्त्व, घट्ट वरणात कालवलेला मऊ भात सोपा जातो. सरळ बसवून, अर्ध्या चमच्याने, आधीचा घास गिळला हे पाहून पुढचा घास. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नये. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर अन्न घशात राहिलंय.

मनाचं काय? पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. त्याहून वेगळं म्हणजे क्षुल्लक कारणाने एकदम रडू फुटणं. मेंदूचा भावनांवरचा ताबा सुटल्याने ते होतं. सूनबाईला वाटतं आपलंच काही चुकलं. तिला हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायला हवं. आणि वाचा गेली म्हणजे समज गेली असं नव्हे. खर्चाचं, ‘आता किती दिवस’चं बोलणं त्या खाटेशेजारी करू नये, याबाबत मी आग्रही आहे.

सांभाळणाऱ्याला ‘स्वतःची काळजी घे’ म्हणून काही होत नाही. आठवड्यातला अर्धा दिवस दिनदर्शिकेवर नाव घालून ठरवावा: गुरुवार, दुपारी दोन ते सात, अमुक दीर किंवा नणंद. रुग्णसेवेच्या ब्यूरोतून मावशी घ्यायच्या तर दिवसापेक्षा रात्रीपाळी आधी. पैसे आठवड्यातून दोनच रात्रींचे असले तरी घ्याव्यात. पहिल्या दोन वेळा घरच्यांनी सोबत राहून कूस, नळी, गोळ्या दाखवाव्यात, नाहीतर मावशी आल्या तरी झोप लागत नाही.

उशाशी एक वही. रकाने: वेळ, कूस डावी की उजवी, पाणी, लघवी, शौच, कातडी. शेवटचा रकाना सांभाळणाऱ्याच्या झोपेचा, तासांत. डॉक्टरांकडे जाताना वही न्यावी आणि तो रकाना आधी दाखवावा.