गाडी लागली

नववीत आमच्या इंग्रजीच्या सरांचा नियम होता. दर सोमवारी फळ्यावर एकच क्रियापद आणि त्याला पाच शेपट्या. पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट, पुट अप, पुट अप विथ. आम्ही ते पाढ्यांसारखं घोकायचो. पुट ऑन घालणे, पुट ऑफ पुढे ढकलणे, पुट आउट विझवणे. मराठी माध्यमातली बेळगावची पोरं. घोकंपट्टीत आम्ही कुणाला हार जाणार नव्हतो. माझी वही तर वर्गात फिरायची. अडचण एवढीच, की इंग्रजी बोलणारा माणूस बोलताना पुढं अर्थ सांगत नाही.

हे कळलं उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर. पहिल्याच आठवड्यात बेंगळूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला कुठल्याशा पार्टचं वजन हवं होतं. मी चाचपडतोय हे बघून तोच म्हणाला, "हँग ऑन." ड्रॉइंग काढत असणार बिचारा. मला वहीतलं 'हँग – फोन ठेवणे' एवढंच आठवलं. साहेबांनी ठेवायला सांगितलं, मी ठेवला. दोन मिनिटांनी परत घंटी. पुन्हा तेच वजन, पुन्हा "हँग ऑन, हँग ऑन!" या वेळी आवाज चढलेला होता, म्हणून मीही जरा घाईनंच ठेवला. तिसरा फोन थेट मालकांच्या केबिनमध्ये वाजला. 'हँग ऑन' म्हणजे 'जरा थांबा', ठेवणं ते 'हँग अप', हे मला तेव्हा कळलं.

वाक्प्रचारांनी मला असा दगा कधी दिला नाही. कुत्री-मांजरं पडताहेत म्हटल्यावर पाऊसच, दुसरं काय पडणार? आपल्याकडं तर आभाळातून मुसळं कोसळतात. वाक्प्रचार दिसतोच असा चमत्कारिक, की माणूस आधीच सावध होतो. 'अप', 'ऑफ', 'इन' ही मंडळी मात्र दिसायला गरीब.

दुखणं जुनं आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की क्रियापदामागं असा बारका शब्द जोडून अर्थ फिरवायची इंग्रजीला फार सवय, आणि परक्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण होते ती इथंच. अशा शेपटीवाल्या क्रियापदांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून आलं ते मात्र १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. तेही हेन्री ब्रॅडली या कोशकारानं सुचवलेलं. दुखण्याला नाव मिळायला एकशेसत्तर वर्षं लागली.

'लागली' म्हटलं की मला आमचे अकौंटंट आठवतात. मूळचे धारवाडचे, घरी कन्नड. मराठी हौसेनं शिकायचे, आणि माझ्यासारखीच त्यांचीही एक वही होती. त्यात एका पानावर फक्त 'लागणे'. भूक लागली, आग लागली, ठेच लागली, निकाल लागला, वेड लागलं, वाट लागली. आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोराच्या लग्नाला आम्ही सगळे निपाणीला निघालो होतो. स्टँडवर फोरमन ओरडला, "चला चला, गाडी लागली!" अकौंटंट दचकून उठले. "कुठं लागली री? कुणाला?" त्यांना वाटलं अपघात झाला. गाडी फलाटावर येऊन उभी राहिली, एवढंच, असं समजावतोय तोवर टायपिस्टबाई म्हणाल्या, "मला खिडकी द्या हो. मला गाडी लागते." अकौंटंटनी फलाटावरच्या गाडीकडं बघितलं, मग बाईंकडं, मग बाईंच्या हातातल्या आलेपाकाच्या पुडीकडं, आणि खिशातून वही काढली.

वंटमुरीचा घाट संपेपर्यंत आमचा तोच विषय. मी म्हटलं, अहो, हे तर पुट अप, पुट ऑफसारखंच झालं. ते म्हणाले, कन्नडमध्ये काय कमी आहे? 'माडिबिडु', म्हणजे करून टाक. पण शब्दाला शब्द ठेवला तर 'करून सोड'. 'तिंदु नोडु' म्हणजे अगदी आपलं 'खाऊन बघ'. दोन्हीकडं खाताना डोळ्यांचं काही काम नाही. मग मला वहीतलं 'गिव्ह अप' आठवलं. इंग्रज नाद सोडतो तेव्हा 'देतो', आपणही 'सोडून देतो', म्हणजे दोघांचंही दिल्याशिवाय सुटत नाही. आणि कन्नड? "बिट्टुबिडु," ते म्हणाले, "सोडून सोड." एकदा सोडून भागत नाही बघा, दोनदा सोडावं लागतं. बेळगावात पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणं होतात. क्रियापदाच्या शेपटीवरून कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही.

सरांनी फळ्यावर 'ईट अप'समोर 'खाणे' लिहिलं होतं. 'खाऊन टाक' लिहिलं असतं तर पुढचे चार सोमवार वाचले असते. 'ड्रिंक अप' पिऊन टाक, 'यूज अप' वापरून टाक. सगळ्याच शेपट्या अशा गुणानं मराठीत येत नाहीत, 'पुट अप विथ'चं मला अजून काही जमलेलं नाही, पण निदान 'अप' म्हणजे 'वर' हे डोक्यातून गेलं. फोनवर 'हँग ऑन' ऐकलं की अजूनही रिसीव्हर दोन्ही हातांनी धरतो, तो भाग वेगळा.

अकौंटंट रिटायर होऊन धारवाडला गेले. मध्यंतरी पेन्शनच्या कामासाठी बेळगावला आले होते. संध्याकाळी परत जाताना स्टँडवरून त्यांचा मेसेज आला, मराठीत: "धारवाडची गाडी लागली. मला नाही लागली."