मावशींची गाठ

गाठीचा तुकडा संशोधनाला घ्यायचं संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. मावशी निपाणीच्या, जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, दातांना मिश्री. वाचता येतं ते मराठी. बेळगावात अशी माणसं पावलोपावली भेटतात, तरी मराठी प्रत काढायचं कुणाला सुचत नाही. शेवटी मीच खाटेशेजारी बसून ओळ न ओळ सांगितली. कॅन्सरच्या काही पेशी औषधाला, किरणांना पुरून उरतात आणि गाठ पुन्हा धरते. त्याच आम्हाला वेगळ्या काढायच्यात. "म्हणजे हरळीगत," मावशी म्हणाल्या. सही केली. "घे पोरी, पण वाया घालवू नको."

दुसऱ्या दिवशी बर्फाचा डबा घेऊन थिएटरबाहेर अडीच तास उभी होते. गालातली गाठ निघाली आणि रोजच्या सवयीनं थेट फॉर्मालिनमध्ये, तपासणीसाठी गाठ टिकवणाऱ्या द्रावात पडली. त्यात पेशी मरतात. मला जिवंत हव्या होत्या. आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी निरोप ड्युटी बदलली की संपतो. मागे राहिलेला हरभऱ्याएवढा तुकडा तेवढा सर्जनसाहेबांनी माझ्या ट्यूबमध्ये टाकला.

तोंडातली गाठ जंतू घेऊनच येते. प्रतिजैविकात पाचदा धुतली, ब्लेडनं बारीक चिरली, पेशींना बांधून ठेवणारे धागे तोडणाऱ्या कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर ठेवली. इथं घड्याळावर विसंबणारा फसतो. वेळ जरा जास्त झाला की पेशी फुटतात, आतला डीएनए सुटून सगळं शेंबडासारखं चिकटतं. म्हणून तो डीएनए तोडणारं डीएनेज घालते आणि दर दहा मिनिटांनी थेंब काढून बघते. मग ४० मायक्रॉनची जाळी, मग ट्रिपॅन ब्लूचा रंग. दहांत चार निळ्या, म्हणजे मेलेल्या.

चुंबकी कॉलमवर सीडी४४ ही खूण अंगावर असलेल्या पेशी धरल्या. २००७ साली डोके-मानेच्या गाठींत याच खुणेच्या पेशींनी उंदरांत गाठ धरल्याचं दिसलं होतं. पण ही खूण तोंडाच्या निरोगी पेशींवरही असते, त्यामुळे नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवणारे मला पटत नाहीत. पेशींनी सीरमविना, म्हणजे रक्तद्रवाविना, न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये तरंगत गोळे धरले, तर काही बोलता येतं.

नवव्या दिवशी चार गोळे होते. फक्त चार. पुढच्या तपासण्यांना ते पुरणार नव्हते.

दहाव्या दिवशी मावशी टाके काढायला आल्या. मोबाईलवर फोटो दाखवला. गाल पदरानं धरून बराच वेळ बघितला.

"जित्तं हाय हे?"

"होय."

"आणि बाकीची गाठ?"

"तपासायला गेली, मावशी."

ते खरंच होतं. पुढचं मी सांगितलं नाही.