स्प्रूसची डायरी, भाग ४: कोळी नव्हताच

माझ्या स्प्रूसच्या, म्हणजे सुयांसारखी पानं असणाऱ्या झाडाच्या, सुया तपकिरी पडतायत. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: कारण सापडलं, लाल कोळी (रस शोषणारी बारीकशी कीड), आता पाण्याचे फवारे मारले की काम फत्ते. तर मंडळी, शब्द मागे घेतो. आणि ते फवारे... त्यांच्याकडे येतोच.

तीन आठवडे एक दिवसाआड पाइपने झाड झोडपलं. तपकिरी रंग तरी पसरतच राहिला. शेवटी पांढऱ्या कागदावर फांदी पुन्हा झटकली आणि या वेळी घाई न करता बघत बसलो. पडले ते आठ-दहा ठिपके, सगळे तुरुतुरु पळणारे. सुयांचा रस शोषणारा कोळी रेंगाळत चालतो. असे पळतात ते बहुधा त्याला खाणारे. म्हणजे मी मित्रांनाच धुऊन काढत होतो!

मग पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: मेलेल्या सुयांचं वय पाहिलं. शेंड्याकडच्या, यंदाच्या सुया हिरव्यागार. त्यांच्या मागच्या, गेल्या वर्षीच्या, जांभळट तपकिरी. पाणी कमी पडून करपलं असतं तर आधी टोकं गेली असती. वयाने होणारी गळ असती तर त्याहूनही आतल्या, पाच-सहा वर्षांच्या सुया गेल्या असत्या, तेही चहूबाजूंनी. (कोपऱ्यातल्या थुजा नावाच्या झाडाचं नेमकं तेच चाललंय, त्याची काळजी सोडली.) इथे मात्र खालच्या फांद्या, त्याही एकाच अंगाच्या.

आता भिंग. फोनला चिकटवायच्या लेन्सच्या नादी लागू नका, हात जरा हलला की सगळं धुरकट. दहापट जवाहिरी भिंग डोळ्याला टेकवा आणि सुई जवळ आणा. निरोगी सुईवर पर्णरंध्रांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या. आजारी सुईवरही त्याच रांगा, पण ठिपके काळे. खात्रीसाठी सुया ओल्या कागदासोबत पिशवीत चार दिवस ठेवल्या. काळे गोळे वर आले, काहींच्या डोक्यावर मेणाची पांढरी टोपी. रायझोस्फेरा, म्हणजे स्प्रूसच्या सुया मारणारी बुरशी! खोटं कशाला बोलू, इतका आनंद झाला की झाड आजारी आहे हेच क्षणभर विसरलो.

एकच अंग का, हे कोडं स्प्रिंकलरने सोडवलं. गेल्या वर्षी त्याचं तोंड मीच तिकडे वळवलं होतं. या बुरशीला ओल्या सुया लागतात, आणि लागण झाल्यापासून रंग बदलायला वर्षभर तरी जातं. म्हणजे यंदाच्या कोवळ्या सुयांना मी पाइपने घातलेल्या अंघोळींचा हिशेब पुढच्या वर्षी मिळणार.

तांब्याचं बुरशीनाशक आणून ठेवलंय. विक्रेता म्हणाला, आजच मारा. मारणारही होतो, पण नव्या सुया निम्म्या वाढल्या की पहिली फवारणी आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी, हा मोका यंदा हुकला. बाटली बंदच राहील. स्प्रिंकलर फिरवला. मेलेल्या खालच्या फांद्या कोरड्या दिवशी कापेन, दर कापाला कात्री स्पिरिटने पुसून.

लिहिता लिहिता एक सुचलं. यंदाच्या काही कोंबांना आत्ताच लोकर बांधून ठेवतो: स्प्रिंकलरच्या अंगाला लाल, मागच्या अंगाला हिरवी. मागे फक्त पाइपचं पाणी पोचलंय. पुढच्या वर्षी हिरव्या लोकरीजवळच्या सुया तपकिरी झाल्या, तर गुन्हेगार पाइप, म्हणजे अर्थात मीच.