पणजोबांची शाईदाणी

आमच्या घरी पणजोबांची शाईदाणी आहे. कारकुनाची नव्हे, सुताराची. मक-दाउ म्हणतात तिला. वीतभर लांबीचं लाकडी होडकंच. पुढच्या खळग्यात शाईत भिजवलेला कापूस, मागे दोऱ्याचं चाक. दोरा कापसातून भिजून भोकातून बाहेर येतो, टोकाला टोकदार आकडा. आकडा फळीत रोवायचा, दोरा ताणायचा, चिमटीत उचलून सोडायचा. फट्! काळी, सरळ रेघ. आपले सुतार सूत मारतात तेच, पण दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. चिनी सुतारांचा विश्वकर्मा म्हणजे लु बान. त्याची आई बिचारी रोज दोरा धरून उभी राहायची, तिला सोडवायला त्यानं हा आकडा काढला म्हणे.

पणजोबा दक्षिण चीनमधल्या ताइशानचे. सुतारानं आपली शाईदाणी आपणच कोरायची, अशी रीत. ऑक्टोबर 1938 मध्ये जपानी फौजांनी ग्वांगझोउ घेतलं तेव्हा आजोबा तिथं उमेदवारी करत होते. तिथून हाँगकाँग, कलकत्ता, मग मुंबईची गोदी. बाकी हत्यारं कुठंही मिळतात म्हणून एवढीच उचलली, असं ते सांगत. आजी म्हणायची, करवतही होती, बोटीच्या भाड्यापायी हाँगकाँगला विकली. मला आजीचंच खरं वाटतं.

माझगावात त्यांच्या मुलखातल्या लोकांनी 1919 मध्येच सी यिप कून हे देऊळ बांधलं होतं. ओळखीपाळखी तिथंच झाल्या. बाबा मुंबईत जन्मले, सुतारकीतच राहिले. आई परळची, मालवणी. म्हणून हे मराठीत.

मग 1962. सीमेवर युद्ध पेटलं आणि आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची सुमारे 3,000 चिनी वंशाची माणसं राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबली गेली. बायका, म्हातारे, तान्ही पोरंसुद्धा. मुंबईत आमच्यावर तेवढी वेळ आली नाही, पण आजोबा धसकले. गावाकडची पत्रं चुलीत गेली. एका रात्री त्यांनी शाईदाणी उलटी केली आणि तळावर कोरलेलं स्वतःच्या बापाचं नाव पटाशीनं तासून काढलं. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, गोधडीतून बघत होते.

तळावरून बोट फिरवलं की ती जागा लागते. दोन बोटं रुंद, जराशी खोलगट, आणि कडेला एका अक्षराची शेपटी राहिलेली. घाईत राहिली, असं बाबा म्हणतात. पण आजोबांचा हात मी पाहिलाय. त्यांची पटाशी घाईतही चुकत नसे.

आत्या टोरंटोला असते. तिला ती हवीय, काचेच्या कपाटात ठेवायला. बाबा देत नाहीत. अजून फळी कापायची झाली की तीच काढतात. चाक दोनदा बदललंय, दोरा तर किती वेळा, कुणास ठाऊक. कापूस सुकला की लाकूड तडकतं, असं ते आत्याला फोनवर ठणकावून सांगतात. त्यात काही तथ्य नाही, पण आत्या कधी सुतारकाम शिकलेली नाही, त्यामुळे चालून जातं.