ठासणीपेक्षा घासणी जास्त

पेन्सिल्व्हेनियात माझ्याकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक आहे हे कळल्यापासून पुण्यातली मंडळी दोनच गोष्टी बोलतात. "अगं, भीती नाही का वाटत?" आणि "पुढच्या वेळी येताना एक घेऊन ये!" दुसरीचं उत्तर आधी देते: नाही. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीलाही लागतो, परवान्याशिवाय ती ठेवता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे, पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर कुठलं पीक दाखवणार?

अमेरिकेत केंद्रीय कायदा अशा बंदुकीला, अगदी नव्याने घडवलेल्या प्रतिकृतीलाही, बहुतेक बाबतींत पुराणवस्तू समजतो. राज्यांचे नियम मात्र निरनिराळे, आणि व्हिसावर असणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारलेलं बरं.

नेमका प्रश्न विचारला तो आमच्या मामांनी. आयुष्य खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेलेलं. "भरायला किती वेळ लागतो ते राहू दे. धुवायला किती लागतो?"

बार काढून झाले की त्याच संध्याकाळी तासभर. हे जमणार असेल तरच या नादाला लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदुकीची काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घट्ट राखेच्या रूपाने मागे राहतो. ही राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खायला लागते. ठासणीची बंदूक वापरून झिजत नाही, न धुता ठेवल्याने मरते. म्हणून निवडतानासुद्धा मी सगळ्यात आधी हेच बघते, की ही खोलायला आणि धुवायला किती सोपी आहे.

मी राहते तो लँकेस्टरचा भाग या बंदुकांचं माहेरघर. अठराव्या शतकात इथे आलेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या मायदेशातली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल हळूहळू लांब आणि सडपातळ केली. नळी मीटरभराहून लांब, दस्ता लहरदार रेषांच्या मेपलचा. राज्यात 1974 पासून नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या, म्हणजे दगडाच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांसाठी ठेवलेला आहे. मी शिकार करत नाही, कागदावर नेम धरते; पण त्या हंगामामुळे इथे चकमकीची बंदूक दुरुस्त करणारे लोक अजून टिकून आहेत आणि त्याचा फायदा मला मिळतो.

चकमक की टोपी, हा पहिला निर्णय. टोपीची बंदूक, म्हणजे घोड्याखालच्या छोट्या स्फोटक टोपीने पेटणारी, ओल्या हवेत जास्त भरवशाची आणि नवशिक्याला सोपी. चकमकीत चाप ओढल्यावर घोड्याच्या जबड्यातला दगड पोलादी पात्यावर आपटतो, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूत पडतात आणि आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते. चाप आणि बार यांच्यामध्ये एक क्षण जातो, तेवढा वेळ हात न हलवणं हीच सगळी विद्या. मी डावखुरी. सर्वसाधारण बंदुकीचा भडका उजव्या अंगाला होतो, म्हणजे माझ्या तोंडासमोरच. त्यामुळे डाव्या अंगाचा घोडा असलेली शोधावी लागली. ती कमी मिळते आणि महाग पडते. चष्मा मात्र उजवा असो की डावा, सगळ्यांनाच हवा.

मग नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचं वळण. कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोल गोळी मारायची असेल तर पीळ सैल हवा, साधारण 60 ते 66 इंचांत एक फेरा. लांबट गोळीला तो घट्ट लागतो, 28 इंचांच्या आसपास. 48 इंचांचा पीळ दोन्ही चालवून घेतो, पण गोल गोळीच मारायची हे पक्कं असताना तडजोड कशाला? पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीला बहुधा 0.490 इंचाची गोळी घेतात. उरलेली जागा तेल किंवा चरबी लावलेलं सुती कापड भरून काढतं. पॉलिस्टर चालत नाही, ते वितळतं.

जुनी बंदूक घ्यायची तर शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात आपण काचेमागची शस्त्रं बघतो तसं बघून भागत नाही. आतून बघावं लागतं. सर्वांत आधी गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, आत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची आणि तेवढीच लांबी बाहेरून नळीला लावायची. टोक कानाच्या बरंच अलीकडे थांबत असेल तर बंदूक भरलेली आहे असंच समजा. भिंतीवर पिढ्यान् पिढ्या टांगलेल्या बंदुका भरलेल्या निघाल्या आहेत. कुणाच्या वाड्यात आजोबांची अशी एखादी असेल तर खेळू नका, परवानाधारक जाणकाराकडून तपासून घ्या. रिकामी असल्याची खात्री झाली की मगच उजेड टाकून आत गंजाचे खड्डे दिसतात का ते पाहायचं. बाहेरचा डाग पुसता येतो, आतला खड्डा कापड फाडत राहतो.

धुण्यावरून मामांशी माझं वाजलं. ते उकळत्या पाण्याचे पुरस्कर्ते, लोखंड तापलं की लगेच वाळतं म्हणून. मी कोमट पाणीच वापरते, कारण उकळत्या पाण्याने कोरड्या होणाऱ्या नळीत बघता बघता तांबूस थर धरतो. घोड्याचा संच काढून वेगळा धुवायचा, कानात काडी खुपसायची, नळीत पाणी भरून खळबळवायचं, मग गजाला कापड लावून ते पांढरं बाहेर येईपर्यंत पुसायचं. शेवटी कोरडं कापड आणि तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कापड फिरवायचं; तपकिरी आलं तर सगळं पहिल्यापासून.

"आणि पुण्याच्या पावसाळ्यात?" मामांनी विचारलं. तेव्हा रोज एक कापड, असं मी म्हणाले. मामी आतून म्हणाल्या, खंडेनवमीला पुसता तेवढं पुरे.

एक मात्र मामांनीच लक्षात आणून दिलं: एवढं तेल पाजल्यावर पुढच्या वेळी ते काढल्याशिवाय दारू भरलीस तर ती भिजेल. खरं आहे. भरण्याआधी कोरड्या कापडाने नळी पुसायची आणि कानात तार घालून तो मोकळा आहे ना, हे बघायचं.